घर बदललं, आता नेट कुणाचं? जुनंच शिफ्ट करू की नवीन घेऊ?

खिडकीजवळची:

नमस्कार मंडळी. घर बदललंय. म्हणजे सामान आलंय, माणसं अजून अर्धी तिकडे, अर्धी इकडे. जुन्या घराची किल्ली महिनाअखेरपर्यंत आमच्याकडेच आहे आणि तिथलं नेटही चालू आहे. नव्या घरात सध्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवस ढकलतेय.

आधी माझं काम सांगते, म्हणजे गरज कळेल. मी ध्वनिसंपादन करते. लोक पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात, त्यातले श्वास, खाकरणं, पान उलटल्याचे आवाज मी काढून टाकते आणि साफ फाइल परत पाठवते. एकट्याचं वाचन असेल तर मोनो, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, तासाला साधारण अर्धा जीबी. नाट्यरूपांतर असलं की स्टिरिओ, मग तोच तास एक जीबीच्या वर जातो. म्हणजे माझा जीव अपलोडवर अडकलेला. जाहिरातीत मात्र एकच आकडा भल्यामोठ्या अक्षरांत असतो आणि तो अपलोडचा असलेला मी आजवर पाहिला नाही.

घरात बाकी कोण? नवरा दिवसभर मीटिंगांत. सासूबाईंच्या मालिका, त्याही आता नेटवरूनच. मुलगा गेम खेळतो. (मधे मधे अभ्यासही करतो असं ऐकून आहे.) शिवाय दारावर एक कॅमेरा आहे.

जुनी कंपनी म्हणते, कनेक्शन शिफ्ट करून देतो, पण या पत्त्यावर आमचं फायबर नाही, वायरलेस देऊ, "स्पीड तोच मिळेल." दुसऱ्या एका कंपनीचं फायबर या इमारतीत आहे. तिसरा पर्याय टीव्हीच्या केबलवरून येणाऱ्या नेटचा. शेजारच्यांकडे तेच आहे आणि ते खूश आहेत, पण त्यांच्याकडे अपलोड करायला फोटोंपलीकडे काही नाही.

आता प्रश्न. नव्या घरात मुख्य दारामागे भिंतीवर एक छोटी प्लास्टिकची पेटी आहे. आधीच्या लोकांनी तशीच सोडलेली. तिच्यातून पांढरी बारीक वायर येते आणि टोकाला हिरवं बोंड, त्यावर टोपण. ही चालेल का, की नवी ओढावी लागेल? दुसरं, आमचा स्वतःचा चांगला राउटर आहे, तो कुठल्याही कंपनीच्या लाइनवर चालतो ना? तिसरं, कंपनीचा माणूस यंत्र दाराजवळच बसवणार हे उघड आहे, कारण वायर तिथेच संपते. माझी कामाची खोली बरोबर दुसऱ्या टोकाला, मधे दोन भिंती.

आणि लँडलाइन. तो नंबर सासूबाईंच्या सगळ्या बहिणींना पाठ आहे. तो गेला तर मला या घरात राहता येणार नाही.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

मी_तर_तिथेच:

मी असतो तर जुन्याच कंपनीकडे राहिलो असतो. दगडापेक्षा वीट मऊ. त्यांचं कस्टमर केअर कसं, बिल कधी येतं, कुठे ओरडायचं, सगळं आपल्याला माहीत असतं. माझ्याकडे वायरलेसच आहे, छतावर डबा बसवला, वायर ओढायची भानगड नाही. सिनेमे बिनतक्रार चालतात. उगाच नवीन घरात भिंती फोडू नका.

जुना_लाइनमन:

वरच्या भाऊंचं त्यांच्यापुरतं बरोबर आहे, सिनेमा बघणाऱ्याला वायरलेस पुरतं. ताईंचं काम उलट्या दिशेचं आहे.

मी आयुष्यभर वायरीच जोडल्या. आधी तांब्याच्या, मग काचेच्या, म्हणजे फायबरच्या. त्यामुळे कंपनी कुठली घ्यावी हे मी सांगत नाही, दारापर्यंत काय येतंय ते बघा एवढंच सांगतो. एकाच कंपनीची एका गल्लीत उत्तम लाइन असते आणि पुढच्या गल्लीत रड.

"स्पीड तोच" म्हणणाऱ्याला एकच विचारायचं: अपलोड किती, आणि संध्याकाळी किती? लेखी द्या म्हणावं. फाइव्ह-जी टॉवरवरून येणाऱ्या वायरलेसमध्ये बहुतेक ठिकाणी एकच फ्रिक्वेन्सी वेळ वाटून दोन्ही दिशांना वापरतात, आणि त्या वेळेतला मोठा वाटा डाउनलोडला दिलेला असतो. वर तो टॉवर परिसरातल्या सगळ्या मोबाइलवाल्यांचाही असतो.

टीव्हीच्या केबलचं दुखणं वेगळं. त्या तांब्याच्या जाड वायरीत डाउनलोडला ऐसपैस जागा असते, अपलोडला मात्र पूर्वापार सगळ्यात खालच्या फ्रिक्वेन्सींची एक पट्टी, काही देशांत ५ ते ४२ मेगाहर्ट्झ, काही ठिकाणी ६५ पर्यंत. शिवाय त्या पट्टीत सगळ्या घरांतला गोंगाट गोळा होतो. कुणाच्या घरी सैल कनेक्टर असला तर त्याचा त्रास तुम्हाला. नव्या पद्धतीत ही पट्टी रुंद करता येते, पण तुमच्या भागात केलीय का हे विचारल्याशिवाय कळणार नाही. शेजारी खूश आहेत ते खरंच, त्यांना अपलोड लागतच नाही.

फायबर येत असेल तर डोळे झाकून फायबर. (कनेक्टरकडे बघताना तर खरोखरच झाका, ते पुढे सांगतो.) सध्या जास्त करून जी-पॉन असतं, म्हणजे एकच तार बऱ्याच घरांत वाटायची पद्धत: एका काचेच्या तारेवर येताना सुमारे २.५ गिगाबिट, जाताना सुमारे १.२५, आणि ते साधारण ३२ किंवा ६४ घरांत वाटलेलं. नवं एक्सजीएस-पॉन आलं असेल तर दोन्हीकडून १० गिगाबिटच्या आसपास. म्हणजे अपलोड तारेत मुबलक आहे. प्लॅनमध्ये देतात की नाही तेवढं बघायचं. दोन्ही बाजूंना सारखा स्पीड असलेला प्लॅन मागा.

आता तुमची पेटी. हिरवं बोंड म्हणजे एससी-एपीसी कनेक्टर. त्याचं तोंड ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं. निळा येतो त्याचं तोंड तसं तिरकं नसतं. दोन्ही एकमेकांत बसतात, आवाजही "टक्" असा छान येतो, पण तोंडं जुळत नाहीत आणि बराचसा प्रकाश तिथेच वाया जातो. घाईतला पोरगा हे करून जातो आणि मग महिनाभर "नेट स्लो आहे" चालतं. तेव्हा हिरव्यात हिरवंच.

टोपण काढून आत बघू नका. आतला प्रकाश १४९० नॅनोमीटरचा, डोळ्याला दिसत नाही, म्हणून डोळा मिटावा हेही सुचत नाही. तोंडाला बोट तर अजिबात लावायचं नाही. ज्यातून प्रकाश जातो तो गाभा फक्त ९ मायक्रॉनचा, धुळीचा एखादा कणही त्याला झाकायला पुरतो.

पेटीवर किंवा वायरीवर कंपनीचा टॅग असेल, तो वाचा. तुम्ही घेताय त्याच कंपनीची असेल तर तीच वायर तपासून वापरतात, अर्ध्या तासाचं काम. दुसऱ्या कंपनीची असेल तर तिला हात लावायचा नाही. नवी ओढून घ्या, जुनी टोपणासकट तशीच राहू द्या. उद्या तीच कंपनी घ्यावीशी वाटली तर कामाला येईल.

बसवायला येईल त्याच्याकडे मीटर असतो. कनेक्टर यंत्रात घालण्याआधी तो मीटरला लावून आकडा दाखव म्हणा. आकडा उणे असतो, डीबीएममध्ये, म्हणजे किती प्रकाश पोचतोय त्याच्या मापात; उण्यापुढचा आकडा मोठा तेवढा प्रकाश कमी. उणे १५ ते उणे २२ असला तर झकास. जी-पॉनचं यंत्र साधारण उणे २७ पर्यंत तग धरतं. तेव्हा उणे २६ दाखवून "चालतंय ना ताई" म्हणाला तर मान डोलावू नका. आज चालतं. उद्या एखाद्या जोडात ओल गेली की लाल दिवा. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो हे लक्षात ठेवलं की या आकड्यांची भीती वाटत नाही. ३२ घरांत प्रकाश वाटणारा काचेचा फाटा, म्हणजे स्प्लिटर, एकटाच १७ डीबीच्या आसपास खातो, उरलेलं नुकसान जोडांचं, कनेक्टरांचं आणि वाकवलेल्या वायरीचं. आणि वाकवलेली वायर बहुतेक वेळा घरातच सापडते. कपाट भिंतीला सरकवलं, वायर मागे दुमडली. दाराच्या बिजागरीतून नेली. खिडकीच्या सरकत्या पट्टीतून नेली आणि मग खिडकी लावली.

यंत्र दाराजवळच राहू द्या. काचेची वायर घरभर फिरवण्यात अर्थ नाही. तिथून तुमच्या खोलीपर्यंत कॅट-६ केबल टाकून घ्या. ही १०० मीटरपर्यंत बिनघोर चालते, घर कितीही लांबलचक असलं तरी पुरते. फक्त एक बघा. टोकाच्या प्लगमध्ये आठही तारा बसवायला सांगा. चारच बसवल्या, किंवा आठातली एक नीट दाबली गेली नाही, तरी बऱ्याचदा नेट चालतं, पण १०० एमबीपीएसवर अडकतं. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड दिसतो, तिथे १००० दिसेपर्यंत त्या माणसाला सोडू नका.

बेरीजवजाबाकी:

वायरीचं लाइनमनकाकांनी सांगितलं, मी कागदांचं सांगते.

लँडलाइनसाठी सगळ्यात आधी: जुनं कनेक्शन बंद करू नका. नंबर पोर्ट करायचा तर तो चालू असावा लागतो. अर्जही नव्या कंपनीकडे करायचा, जुन्या कंपनीकडे नाही. लोक काय करतात, जुन्या कंपनीला फोन करून "बंद करा" म्हणतात आणि मग नव्या कंपनीला "माझा नंबर आणा" म्हणतात. बंद झालेला नंबर आणायचा कुठून? तुमच्या भागात लँडलाइनचा नंबर कंपनी बदलून नेता येतो का आणि नव्या पत्त्यावर तोच राहतो का, हे दोन प्रश्न नव्या कंपनीला अर्ज भरण्याआधी विचारा. काही ठिकाणी एक्स्चेंज बदललं की नंबर बदलतो. तसं असेल तर सासूबाईंशी वाटाघाटी आत्तापासून सुरू करा.

जुन्या कंपनीचा करार काढून बघा. मुदत संपायची असेल तर मधेच सोडल्याचा आकार लागतो. पण तुमच्या केसमध्ये नव्या पत्त्यावर तीच सेवा देता येत नाही असं तेच म्हणताहेत. फायबर घेतलं होतं, आता वायरलेस देताहेत. घर बदलल्याचं कलम बहुतेक करारांत असतं आणि सेवा पोचत नसेल तर दंड माफ अशी तरतूदही बऱ्याचदा असते. "आमचं फायबर नाही" हे त्यांच्याकडून ईमेलवर लिहून घ्या. फोनवर काय बोललं गेलं याला कुणी विचारत नाही.

त्यांचं यंत्र परत करताना आधी फॅक्टरी रीसेट करा, त्यात तुमचे पासवर्ड असतात. मागच्या स्टिकरचा फोटो काढा, सिरियल नंबर वाचता आला पाहिजे. पावतीवर तोच नंबर लिहून घ्या. अडॅप्टर विसरू नका, त्याचेही पैसे लावतात. ऑटो-पे शेवटचं बिल तपासल्यावरच काढा, आधी काढलं तर थकबाकीदार ठरता, नंतर काढायचं राहिलं तर ते घेतच राहतात.

जुन्या कंपनीने दिलेला ईमेल पत्ता कुठे वापरलाय का? बँकेत, विम्यात? कनेक्शनबरोबर तोही जाऊ शकतो. आधी बदला.

नव्या कंपनीकडे "मोफत इन्स्टॉलेशन" दिसलं की पुढचा प्रश्न: किती महिने बांधून घेताय? सुरुवातीचा दर संपल्यावर खरा दर काय? राउटर तुमचा की भाड्याचा? "अनलिमिटेड"च्या खाली बारीक अक्षरात मर्यादा असते, ती ओलांडल्यावर स्पीड कितीवर आणतात? आणि त्या मर्यादेत अपलोडही मोजतात का? तुमच्यासारखीला हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा.

रात्रपाळी:

राउटरबद्दल मी बोलतो, माझा तोच धंदा आहे.

तुमचा राउटर चालेल, पण फायबर थेट त्यात जात नाही. भिंतीतून कंपनीच्या ओएनटीत (फायबरमधला प्रकाश साध्या नेटवर्क केबलवर आणणारा डबा), ओएनटीतून साध्या नेटवर्क केबलने तुमच्या राउटरमध्ये. हल्ली ओएनटी आणि राउटर एकाच डब्यात देतात. तो डबा ब्रिज मोडवर टाकून द्या म्हणायचं, म्हणजे त्यातला राउटर बंद होतो आणि लाइन सरळ तुमच्या राउटरला मिळते. नाहीतर एकापुढे एक दोन राउटर होतात, दोघंही घरातल्या यंत्रांना नेटवरचे पत्ते (आयपी) वाटत बसतात आणि चिरंजीवांच्या गेममध्ये "स्ट्रिक्ट नॅट" असं काहीतरी येतं.

माणूस जायच्या आत त्याच्याकडून या गोष्टी लिहून घ्या: लाइन पीपीपीओई (नाव-पासवर्ड देऊन जोडली जाणारी) आहे की नुसती डीएचसीपी (लावली की आपोआप जोडली जाणारी). पीपीपीओई असेल तर युजरनेम आणि पासवर्ड. व्हीलॅन नंबर (राउटरमध्ये भरायचा लाइनचा क्रमांक) लागतो का. आणि त्यांच्याकडे पहिल्या जोडलेल्या यंत्राचा मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) नोंदवून ठेवतात का. तसं असेल तर त्याने चाचणीसाठी स्वतःचा लॅपटॉप लावला की लाइन त्या लॅपटॉपला बांधली जाते, तो जातो आणि तुमचा राउटर बाहेर बसतो. पीपीपीओईवर एमटीयू (एका वेळी पाठवायच्या तुकड्याचं कमाल माप, बाइटमध्ये) १४९२ ठेवायचा, १५०० नाही. बहुतेक राउटर स्वतःच ठेवतात. काही वेबसाइट उघडतात आणि काही नुसत्या फिरत राहतात असं झालं तर पहिला संशय याच आकड्यावर घ्या.

वायफायचं नाव आणि पासवर्ड जुन्या घरातलेच ठेवा, अक्षरं लहान-मोठी सकट. टीव्ही, मोबाइल, कॅमेरा, सगळे आपसूक जोडले जातील, कुणालाही पासवर्ड सांगत बसायला नको. कॅमेरा बहुधा २.४ गिगाहर्ट्झवरच चालणारा असेल, तेव्हा ती पट्टी बंद करू नका. वायफायची सुरक्षा फक्त नव्या पद्धतीची, डब्ल्यूपीए३, ठेवली तर जुना कॅमेरा रुसतो, डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र ठेवा.

गेमसाठी अजून एक. राउटरमध्ये इंटरनेटच्या बाजूचा पत्ता बघा. १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटलाय. हे पत्ते २०१२ पासून खास त्यासाठीच राखून ठेवलेत. अशा वेळी बाहेरून घरातल्या यंत्राशी थेट जोडणी होत नाही. आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी, मुबलक पत्ते असलेली पद्धत) मिळत असेल तर बराचसा प्रश्न सुटतो. नाहीतर स्वतंत्र पत्ता मागावा लागतो. कॅमेऱ्याला सहसा अडत नाही, तो स्वतःच बाहेर जाऊन कंपनीच्या सर्व्हरला चिकटतो.

आता खरं दुखणं, जे तुम्ही विचारलं नाहीत पण पहिल्याच आठवड्यात भेटेल. तुम्ही एक जीबीची फाइल वर चढवायला घेतली की नवऱ्याच्या मीटिंगमधला आवाज तुटणार. लाइन कितीही चांगली असो. घर बदलताना सोफा दारात अडकतो आणि मागे हातात पाण्याचा पेला घेतलेला माणूस उभा राहतो ना, तसं. सोफा म्हणजे तुमची फाइल. मीटिंगच्या आवाजाचे तुकडे एवढेसे असतात, पण राउटरच्या रांगेत फाइलच्या मागे ताटकळतात. याला बफरब्लोट म्हणतात. बोलण्यातला एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर खटकत नाही, रांग फुगली की तो सहज त्याच्या वर जातो.

राउटरमध्ये ही रांग सांभाळणारं एसक्यूएम किंवा स्मार्ट क्यू असं काही असेल तर ते चालू करा. त्यात एफक्यू-कोडेल किंवा केक, या रांग लावायच्या पद्धतींपैकी एक निवडा. अपलोडची मर्यादा मोजलेल्या स्पीडच्या ९० टक्क्यांवर ठेवा. थोडा स्पीड मुद्दाम सोडायचा, म्हणजे रांग कंपनीच्या यंत्रात न लागता आपल्या राउटरमध्ये लागते, आणि तिथे कुणाला पुढे सोडायचं हे आपल्या हातात राहतं.

मोजताना वायफायवर मोजू नका. केबलने लॅपटॉप जोडा, बाकी सगळं बंद करा. आणि संध्याकाळी मोजा. सकाळचा आकडा कंपनीच्या कौतुकासाठी असतो.

मी_तर_तिथेच:

एवढं सगळं नेट लावायला? मी नुसतं बटण दाबलं होतं.

जुना_लाइनमन:

भाऊ, बटण दाबून चालतं ते कुणीतरी खांबावर चढून जोड नीट मारलेला असतो म्हणून.

खिडकीजवळची:

मंडळी, आधी सगळ्यांचे आभार. आता हकिकत.

फायबरच घेतलं, दोन्ही बाजूंना १०० एमबीपीएस. दारामागच्या पेटीवरचा टॅग भलत्याच कंपनीचा निघाला, त्यामुळे नवी वायर आली. बसवायला आलेला मुलगा अगदी तरुण होता. मीटर दाखव म्हटल्यावर त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. नवऱ्याने माझ्याकडे बोट दाखवलं. आकडा उणे २४ आला. मी काही बोलायच्या आतच तोच म्हणाला, "थांबा, हा बरोबर नाही." कनेक्टर त्याच्याकडच्या छोट्या पट्टीवर घासून पुसला, परत लावला. उणे १९. पुसण्याआधी आणि नंतरचा फरक डोळ्यांदेखत पाहिला आणि लाइनमनकाकांचा ९ मायक्रॉनचा गाभा आठवला. पुढे तो स्वतःहून खुलला. खालच्या मजल्यावरचा जोड कुठे आहे, तक्रार केली तर काय सांगायचं म्हणजे योग्य माणूस येतो, सगळं सांगून गेला. ("नेट स्लो आहे" म्हणू नका, "ऑप्टिकल पॉवर तपासा" म्हणा, असं.)

दारापासून माझ्या खोलीपर्यंतची कॅट-६ मात्र त्याने टाकली नाही, ते आमचं काम नाही म्हणाला. ती इलेक्ट्रिशियनकडून टाकून घेतली, छताच्या कडेने पट्टीत. त्याने केबल टाकली, प्लग लावले, दिवा लागला, "झालं" म्हणाला. मी लॅपटॉप उघडून लिंक स्पीड बघितला: १००. त्याला दाखवलं तर म्हणाला, तुमचा प्लॅनच १००चा आहे ना मग? मी म्हटलं, प्लॅन उद्या वाढेल, भिंतीवरची पट्टी पुन्हा कोण उघडणार. प्लग कापून पाहिला तर तपकिरी तार आतपर्यंत पोचलीच नव्हती, कडेला वाकून बसली होती. नवा प्लग लावला, १०००.

संध्याकाळी केबल लावून मोजलं. अपलोड ९४. स्टिरिओचा एक तास दीड मिनिटाच्या आसपास वर चढतो. जुन्या घरात अपलोड १०चं होतं, त्याच फाइलला पाऊण नाही पण चांगला पाव तास लागायचा, आणि तेवढ्या वेळात मी भांडी लावायचे. आता भांडी तशीच राहतात.

रात्रपाळी म्हणाले तेच झालं, पहिल्याच दिवशी नवऱ्याची मीटिंग तुटली. आमच्या राउटरमध्ये एसक्यूएम होतं, कुठल्यातरी तिसऱ्याच मेन्यूत लपलेलं. चिरंजीवांनी शोधून काढलं, केक निवडलं, मर्यादा ८५वर ठेवली. नाव-पासवर्ड जुनेच ठेवल्यामुळे टीव्ही आपोआप चालू झाला आणि सासूबाईंना घर बदललंय याची त्या बाबतीत तरी झळ लागली नाही.

राहिला नंबर. नवी कंपनी म्हणते, एक्स्चेंज तेच आहे, नंबर येईल, अर्ज केलाय. पण किल्ली द्यायची तारीख जवळ आलीय. पोर्टिंग व्हायच्या आधी घर सोडावं लागलं तर? तिथल्या यंत्राचं प्लग काढलं तर नंबर बंद पडतो का? आणि वीज गेल्यावर लँडलाइन चालेल का? जुनी तांब्याची होती तेव्हा चालायची, सासूबाई तेच धरून बसल्यात.

बेरीजवजाबाकी:

प्लग काढल्याने नंबर जात नाही, फक्त वाजत नाही. कनेक्शन कंपनीच्या नोंदीत चालू असणं महत्त्वाचं. तेव्हा यंत्र खुशाल उचलून आणा, बिल भरत राहा, बंद करण्याचा अर्ज देऊ नका. मधल्या काळात कॉल फॉरवर्डिंग मिळत असेल तर त्या नंबरवरचे फोन सासूबाईंच्या मोबाइलवर वळवा, म्हणजे बहिणींना कळणारही नाही.

पोर्टिंग झाल्याचा मेसेज आला की लगेच जुन्याला फोन करू नका. आधी वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन-तीन मोबाइलवरून त्या नंबरवर फोन लावून बघा. सगळ्यांचे नव्या घरात वाजले की मगच जुनं बंद करायचं लेखी कळवा. काही ठिकाणी नंबर गेला की टेलिफोनचा भाग आपोआप बंद होतो पण नेटचं बिल चालूच राहतं, म्हणून अर्जात "नेट आणि टेलिफोन दोन्ही" असं लिहा आणि पोच घ्या.

जुना_लाइनमन:

विजेचं मी सांगतो. तांब्याच्या लाइनीला वीज एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांतून यायची, म्हणून घरात अंधार असला तरी फोन चालायचा. काचेतून वीज येत नाही. आता फोन तुमच्या ओएनटीवर चालतो, ओएनटी बंद तर फोन बंद.

पण एक चांगलं आहे. पॅसिव्ह फायबरमध्ये कंपनीच्या केंद्रापासून तुमच्या दारापर्यंत मधे कुठेही विजेवर चालणारं काही नसतं, स्प्लिटर नुसती काच असतो. केंद्राला स्वतःचा बॅकअप असला की घरात ओएनटी आणि राउटर जिवंत ठेवले तरी पुरे, फोन आणि नेट दोन्ही चालतं. दोन्ही यंत्रांच्या अडॅप्टरवरचं स्टिकर वाचा. बऱ्याचदा १२ व्होल्ट डीसी असतं, पण अँपिअर वेगवेगळे असतात, ते बेरीज करून तेवढा छोटा राउटर यूपीएस घ्या. पिन आत बसते म्हणजे जुळली असं नाही, अधिक आतल्या बाजूला आहे की बाहेरच्या ते चित्र स्टिकरवर असतं, ते जुळवा. बिनतारी हँडसेट असेल तर त्याच्या तळालाही वीज लागते. सासूबाईंसाठी एक साधा वायरवाला फोन ओएनटीलाच लावून ठेवा.

खिडकीजवळची:

वायरवाला फोन माळ्यावरच्या खोक्यात आहे. खोकं कुठलं, ते शोधायला लागते. कॉल फॉरवर्डिंग आत्ताच चालू करून घेतलं, आणि पहिला फोन धाकट्या मावशींचा आला.